मिस्टर डेल तार ओढून बघायचे

अगं ऋजुता, पत्रातूनच का होईना, ये अशी जवळ. खुर्ची ओढ, हातातला फोन पालथा घाल आणि माझ्याकडे बघ. रागावणार आहे मी तुला, पण थोडंसंच. परवा अ‍ॅशबर्नहून फोनवर काय म्हणालीस? "मावशी, निखिलने बेसमेंटचं सगळं वायरिंग स्वतः केलं, वर ड्रायवॉलचे तक्ते ठोकून भिंत बंद करून मोकळासुद्धा झाला. परमिटच्या भानगडीत कोण पडतंय! आणि ते इन्स्पेक्टर तरी काय गं करतात? दारातून डोकावतात, सही ठोकतात आणि जातात." तुझ्या नवऱ्याने स्वतःच्या हातांनी केलं याचं मला कौतुकच आहे. पण ते शेवटचं वाक्य ज्याने तुमच्या डोक्यात भरवलं, त्याला मिस्टर डेल भेटले नसणार. म्हणून आज त्यांच्याबद्दल लिहितेय. घरातल्या बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, यात माझं लपवण्यासारखं काही नाही.

मिस्टर डेल आमच्या मॉरिसव्हिलच्या बाजूला इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर होते. इथल्या जुन्या अमेरिकन लोकांत नावापुढे मिस्टर किंवा मिस लावून हाक मारायची पद्धत आहे, आपल्या काका-काकूंसारखीच समज. त्यामुळे ते मिस्टर डेल आणि मी मिस सुमन. साठी ओलांडलेला उंच माणूस. लोकांच्या घरांखाली रांगून रांगून पाठीत कायमचा बाक आलेला. गळ्यात दोरीला चष्मा, आणि खिशात दाताच्या डॉक्टरकडे असतो ना, तसला इवलासा आरसा. भिंतीतल्या स्विचच्या डब्याच्या मागच्या बाजूला काय दडलंय ते बघायला. पण त्यांची खरी खूण म्हणजे ते प्रत्येक तार ओढून बघायचे. सगळ्यांत बरी दिसणारी एखादी निवडून नव्हे, एकूण एक. दोन बोटांत धरून हलकेच ओढायची, नुकतं लावलेलं रोप मातीने धरलंय का बघतात तशी. सैल निघाली तर नुसते आपल्याकडे वळून बघायचे, आणि आपण ती तार कधी, कशी, कुठल्या घाईत कसली ते सगळं आपल्यालाच आठवायचं.

आता हा माणूस माझ्या गॅरेजमध्ये कसा आला ते सांगते. आमचे हे जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. अमेयला तू ओळखतेसच, पण बाकीच्यांसाठी सांगते, माझा एकुलता एक मुलगा, सनीव्हेलला असतो. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि फोनवर तेच. "आई, एवढ्या मोठ्या घरात एकटी काय करतेस? इकडे ये, ते घर विकून टाकू." एकटी काय करतेस म्हणजे काय? राहते! घर माझ्या नावावर, गाडी मी चालवते, जिना दिवसातून दहा वेळा चढते. पण मुलांना एकदा आईचं म्हातारपण दिसायला लागलं की दुसरं काही दिसत नाही.

त्यात नवरात्राच्या तोंडावर ट्रान्सफॉर्मर जळला. माझ्याकडे पुण्याहून सामानाबरोबर आणलेली घरघंटी आहे. भाजणी, ज्वारी, थालीपिठाचं पीठ, सगळं मी घरी दळते. ती चालते आपल्याकडच्या दोनशे तीस व्होल्टवर, आणि इथल्या भिंतीत असतात एकशे वीस. म्हणून यांनी मध्ये एक भला थोरला ट्रान्सफॉर्मर बसवून दिला होता. त्याने एक दिवस धूर सोडला आणि गॅरेजभर जळका वास. मी भोळेपणाने अमेयला सांगितलं. झालं, त्याला कारणच मिळालं.

"बघ, म्हणूनच म्हणतो मी. आग लागली असती आई! आता विकतचं पीठ आण आणि मार्चपर्यंत इकडे शिफ्ट हो."

"अरे, घराच्या पॅनेलमध्ये दोनशे चाळीस व्होल्ट असतातच. कपडे वाळवायच्या मशीनला जातात ना, तेच. तिथून गॅरेजमध्ये एक वेगळी लाइन ओढली की ट्रान्सफॉर्मरची गरजच नाही."

"आणि ती लाइन कोण ओढणार?"

"मी."

तो हसला. वाईट नाही हसला गं, लाडाने हसला. लहान मूल चंद्रावर जाणार म्हणतं तेव्हा हसतात तसा. मला ते जास्त झोंबलं. तुला माहीत आहे, माझ्या वडिलांचं कराडला मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. अकरावीनंतर लग्न होईपर्यंत मी तिथेच बसायची. शेतकऱ्यांचे जळलेले पंप उघडून मी तांब्याची तार गुंडाळलीय, एकेक वेढा मोजून. या मुलाने मला साधा पंखासुद्धा कधी उघडताना पाहिलं नव्हतं, कारण अमेरिकेत आल्यावर बिघडलेली वस्तू उघडायची नसते, टाकायची असते.

मी म्हटलं, "अमेय, सरळ बोलू. मी काय केलं म्हणजे तू हा विषय बंद करशील?"

त्यालाही चेव आला. "ओके. मी ख्रिसमसच्या सुट्टीत येतोय. मी परत निघायच्या आत तुझ्या त्या लाइनचं इन्स्पेक्शन पास झालं, तर मी घराचं नाव काढणार नाही. नाही झालं, तर जानेवारीत घर लिस्टिंगला टाकायचं. डील?"

"डील," मी म्हटलं. त्याला वाटलं, ही आठवड्यात दमेल.

परमिट काढायला गेले तर खिडकीतल्या मुलीने तीन वेळा विचारलं, तुमचा कॉन्ट्रॅक्टर कोण? तीन वेळा सांगितलं, मालक स्वतः. मग तिने एक कागद पुढे केला. घर माझं आहे, मी त्यातच राहते, आणि काम मी स्वतःच्या हातांनी करणार आहे, असं लिहिलेला. त्यावर मी देवनागरीत सही केली. चालते. लायब्ररीतून वायरिंगचं पुस्तक आणलं, महिनाभर वाचलं. मग गॅरेजच्या भिंतीची ड्रायवॉल कापली आणि घरघंटीची लाइन ओढली. भिंत उघडलीच आहे तर शेजारी साधे तीन आउटलेट, म्हणजे प्लग पॉइंटही घेतले, एक दिवा आणि मिक्सर लावायला. गुडघे बोलत होते, पण मी त्यांचं ऐकत नव्हते.

भिंत बंद करायच्या आधी पहिलं इन्स्पेक्शन असतं. मिस्टर डेल आले. कागद वाचला, भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे कुणी केलं?"

"मी."

"मदतीला कोण होतं?"

"शिडी धरायलासुद्धा कोणी नव्हतं."

"शिडी धरायला माणूस ठेवत जा," ते म्हणाले आणि गुडघ्यावर बसले.

पाऊण तास, ऋजुता! एवढ्याशा भिंतीला पाऊण तास. आधी ओढाओढी झाली. मग मोजायचा टेप काढला. तार डब्यात शिरते तिथून आठ इंचांच्या आत तिला भिंतीतल्या लाकडाला धरून ठेवणारा स्टेपल हवा. माझा अकरा इंचांवर होता. डब्यातून तार बाहेर पुरेशी लांब सोडायला हवी, मी काटकसरीने कापली होती. वडिलांच्या दुकानात तांबं वाया घालवलं की ओरडा बसायचा ना! आणि एका ठिकाणी लाकडाला पाडलेलं भोक कडेच्या फार जवळ होतं. तिथे लोखंडी पट्टी हवी, म्हणजे उद्या कुणी फोटो टांगायला खिळा ठोकला तर तारेत जाणार नाही. पट्टी नव्हती.

"फेल," म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, एकाहत्तर वर्षांची बाई मी. एकटीने एवढं केलंय. दोन-तीन इंचांनी काय आभाळ कोसळतंय?"

"मॅम, भिंतीला तुमचं वय माहीत नाही," ते म्हणाले, कागद पॅनेलला चिकटवला आणि गेले.

मी इतकी चिडले की तुझ्या आईला फोन लावून अर्धा तास त्यांचा उद्धार केला. विचार तिला. पण फोन ठेवल्यावर चहा करता करता माझ्या मनात आलं, गेल्या दीड वर्षात माझ्याशी असं कोण बोललंय? बँकेतला मुलगा माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलतो, जशी मी विहिरीच्या तळाशी उभी आहे. डॉक्टर मला तपासतात आणि रिपोर्ट अमेयला समजावतात. शेजारचा कचऱ्याचा डबा माझ्या हातातून ओढून घेतो. सगळे चांगले आहेत गं. पण मी चुकले तर माझी चूक मला सांगावी, इतकं कुणी मला जमेत धरत नव्हतं. या माणसाने मला अकरा इंच मोजून दाखवले होते.

दुसऱ्या वेळी सगळं सुधारून ठेवलं होतं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं ओढलं. मी म्हटलं, "हे तर मागच्या वेळी बघितलंत की."

"मागच्या वेळी मागच्या वेळचं काम बघितलं," म्हणाले. मग एका डब्यापाशी थांबले. डब्यात तारा मागे घालताना मी त्यांच्या घड्या घालते, साडीच्या निऱ्या घालतात तशा, एकीवर एक. उघडताना त्या तशाच उलगडत बाहेर येतात. त्यांनी आरसा लावून बघितलं. "हे कुठे शिकलात?"

"साडी नेसताना."

हसले नाहीत. "चांगलं आहे. भिंत बंद करा," एवढंच म्हणाले. मग घरघंटीकडे बघून विचारलं, हे काय यंत्र? मी सांगितलं. आमच्याकडे वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, तुमच्याकडे साठ, म्हणून ही मोटार इथे जरा जास्त पळते आणि पीठ गरम होतं. दाणे हळूहळू सोडावे लागतात. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. "पुन्हा सांगा, मिस सुमन. मोटार किती गरम होते?" त्या दिवसापासून मी मॅमची मिस सुमन झाले.

मग माझी खरी फजिती झाली. शेवटच्या इन्स्पेक्शनला त्यांनी तीन दिव्यांचा छोटा टेस्टर पहिल्या आउटलेटमध्ये खुपसला. दिवे चुकीचे लागले. दुसऱ्यात, तेच. तिसऱ्यात, तेच.

"उलटं आहे," म्हणाले. "तिन्ही."

मी म्हटलं शक्यच नाही. त्यांनी प्लेट काढून दाखवलं. कराडच्या दुकानात लाल तार म्हणजे विजेची, काळी म्हणजे परतीची. काळीला आम्ही गरीब म्हणायचो. इथे काळी तारच विजेची आणि पांढरी परतीची! पुस्तकात मी ते दहा वेळा वाचलं होतं, घरघंटीची लाइन पुस्तक समोर ठेवून बरोबर जोडली होती. पण आउटलेट म्हणजे काय, हातचा मळ. डोक्याने पुस्तक वाचलं आणि बोटांनी पन्नास वर्षांपूर्वीचंच केलं.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही निष्काळजी नव्हतात," म्हणाले. "हे जास्त वाईट. निष्काळजी माणूस एखादं चुकवतो. तुम्ही तिन्ही चुकवलेत, आणि अगदी नीट." आणि पुन्हा, फेल.

तोवर डिसेंबर अर्धा संपला होता आणि अमेय आला. पुढची तारीख मिळाली शुक्रवारची. त्याचं परतीचं विमान शनिवारी. गुरुवारी मी दोन आउटलेट बदलले, तिसऱ्याला गुडघ्याने संपच केला. म्हटलं, ग्रोसरी करून येते, पाय मोकळे होतील, मग करू. परत आले तर अमेय म्हणाला, "आई, आज बस तू. उद्या बघू." सकाळी उठून बघते तर तिसऱ्यावर प्लेट लावलेली. मला वाटलं, मीच लावली असेन काल. या वयात असं वाटतं आणि कुणाला विचारायची लाज वाटते.

सकाळी नऊला मिस्टर डेल आले. टेस्टर लावला. पहिला बरोबर, दुसरा बरोबर, तिसरा बरोबर. अमेय माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा. आता सही करतील म्हणून मी पेनकडे बघतेय, तर त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला आणि तिसऱ्याची प्लेट उघडली. तारा ओढल्या. घट्ट होत्या. तरी बघत राहिले.

"मिस सुमन, हे तुमचं नाही."

"काय?"

"पहिल्या दोन्हींत घड्या आहेत. यात कोंबलंय, बोळा करून. काम चुकीचं नाही, पण हे तुमचं नाही."

मी मागे वळून बघितलं. अमेयचे कान लाल. "मी केलं," तो म्हणाला. "आई ग्रोसरीला गेली होती तेव्हा. सॉरी, पण व्हॉट्स द बिग डील? सेम घर आहे, मी तिचा मुलगा आहे."

"अरे, पण तुलाच तर घर विकायचं होतं!" मी मराठीत ओरडले. "मी फेल झाले तर तूच जिंकणार होतास ना?"

"तू इतकी धडपडत होतीस, आई. मला बघवेना. म्हटलं, जिंकू दे तिला."

जिंकू दे तिला! पत्ते खेळताना तो पाच वर्षांचा होता तेव्हा मी त्याला असंच जिंकू द्यायची. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. मी मिस्टर डेलना म्हटलं, "तुम्ही सही करू नका."

अमेय म्हणाला, "आई, ते करणारच होते!"

"नव्हतो," मिस्टर डेल शांतपणे म्हणाले. "कागदावर लिहिलंय की मिस सुमनने स्वतः केलं. मी नुसत्या तारा बघून सही करत नाही, तो कागद खरा आहे का तेही बघतो." मग वही चाळली. "आज मला अजून पाच घरं आहेत. शेवटचं संपवून चार वाजता इथून जाईन."

ते गेले. अमेय म्हणाला, "आई, लिसन, मी खोलून देतो, तू फक्त परत—"

"तू त्या स्टुलावर बसायचं," मी म्हटलं. "आणि हात मांडीवर."

बसला. चाळिशीतला, माझ्याहून फूटभर उंच मुलगा, बसला स्टुलावर. मी ब्रेकर पाडला, टेस्टरने दोनदा बघितलं की तार मेलेली आहे. आउटलेट बाहेर काढला, त्याने केलेला बोळा सोडवला. वाकलेली टोकं कापून पुन्हा सोलली. तेवढी लांबी आता मी सोडलेली होती. प्रत्येक तारेला आकडा वळवून स्क्रूभोवती उजवीकडून फिरवला, म्हणजे स्क्रू आवळताना तार आत ओढली जाते, बाहेर ढकलली जात नाही. बाकी दोन आउटलेटही पुन्हा उघडून बघितले, उगाच. अमेय पहिली दहा मिनिटं फोनकडे बघत होता. मग फोन खिशात गेला. मग म्हणाला, "आई, तू हे असं एका हाताने कसं वळवतेस?"

"तुझ्या आजोबांच्या दुकानात दुसऱ्या हातात पंपाचं झाकण असायचं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस, की आई, तू लग्नाआधी काय करायचीस?"

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मी चिमटा उचलला.  एकदा मला स्क्रूची खाच सापडेना. तो स्टुलावरून अर्धा उठला. मी बघितलं त्याच्याकडे. बसला खाली. तेवढं त्याला आयुष्यात कधी अवघड गेलं नसेल.

चारला पाच कमी असताना मिस्टर डेल आले. टेस्टर, प्लेट, आरसा, मग ओढाओढ. तिसऱ्या डब्यातल्या तारा बोटांनी बाहेर काढल्या, त्या उलगडत आल्या. त्यांनी त्या तशाच घडीने आत घातल्या, प्लेट लावली. मग घरघंटी चालू करायला लावली. मी मूठभर ज्वारी सोडली. इथे आल्यापासून पहिल्यांदा ती ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणण्याशिवाय चालत होती, नुसता दगडाचा आवाज. त्यांनी सही केली. अभिनंदन वगैरे काही नाही. दारातून जाताना अमेयला म्हणाले, "तुमचं कामही पास झालं असतं, सर. तुमच्या घरात."

विमानतळावर अमेयने मला घट्ट मिठी मारली आणि घराचा विषय काढला नाही. अजूनही काढत नाही. मनात येत असेल, पण शब्दाचा पक्का आहे, माझाच मुलगा.

पुढच्या वर्षी मिस्टर डेल रिटायर झाले. एका सकाळी त्यांचा स्वतःचा जुना पिकअप दारात, मागे पोतं. परसात लावलेला मका, वाळवून सोललेला. "मिस सुमन, याचं पीठ होईल?" म्हटलं, होईल, पण हळूहळू सोडावा लागेल. त्यांनी गॅरेजमध्ये उभं राहून स्वतः दाणे सोडले, आणि आलेलं पीठ बोटांत धरून गरम आहे का ते तीन-तीनदा बघितलं. सवय जात नाही. मी जाडसर दळलं म्हणून मला एकदा नापासही केलं आणि पुन्हा दळायला लावलं. मग दर दोन महिन्यांनी यायचे. बोलणं तेवढ्यापुरतंच. पण एकदा मी विचारलं, एवढे कडक का हो तुम्ही? तर म्हणाले, "घरमालकाला काम करायचा हक्क आहे, असं मी मानतो. बरेच जण मानत नाहीत. मी ढिलाई केली आणि एका घराला आग लागली, तर ते म्हणतील, बघा, म्हणूनच लोकांना हात लावू देऊ नये. माझी प्रत्येक फेल तुमच्या बाजूची असते, मिस सुमन." निखिलला हे वाचून दाखव. दोनदा दाखव.

गेल्या हिवाळ्यात ते पायऱ्यांवर घसरले. माकडहाड दुखावलं, बाकी काही नाही. पण ओहायोहून मुलगी आली, तिने घर विकलं आणि त्यांना घेऊन गेली. जाताना भेटायला आले नाहीत, फोन केला. म्हणाले, खोली छान आहे, खिडकी आहे. मग म्हणाले, "काल बल्ब गेला. मी खुर्चीवर चढलो तर जावयाने खाली उतरवलं. म्हणाला, डॅड, तुम्ही बसा, मी इलेक्ट्रिशियन बोलावतो." ज्या माणसाने चाळीस वर्षं या भागातली प्रत्येक भिंत तपासली, त्याला बल्ब बदलू देत नाहीत! मी फोनवर इतकी ओरडले, त्यांना वाटलं असेल मी त्यांच्यावरच ओरडतेय. थोडं त्यांच्यावरही होतंच. म्हटलं, मिस्टर डेल, तुम्ही माझ्यासाठी सही अडवून धरलीत आणि स्वतःच्या वेळी गप्प बसलात? ते म्हणाले, "मला अकरा इंच मोजून दाखवणारं कोणी नव्हतं."

 

आता दर गुरुवारी मी त्यांना व्हिडिओ कॉल करते. मी स्वयंपाकघरात ओट्यावरच्या दिव्यांची नवीन लाइन घेतेय, परमिट काढलंय. कॅमेरा डब्यावर धरते आणि ते तिकडून सांगतात, जवळ घ्या, अजून जवळ, ती डावीकडची ओढून दाखवा. परवा त्यांच्या मागे जावई येऊन उभा राहिला होता. बघत होता. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "मिस्टर डेल, मला इथे तुमच्याशिवाय जमत नाहीये." खरं सांगू? जमत होतं. पण ऐकू दे त्याला.

तर ऋजुता, निखिलला सांग, बेसमेंटची ड्रायवॉल उतरवायची. हो, सगळी. परमिट काढायचं, आणि जो कोणी इन्स्पेक्टर येईल त्याने फेल केलं तर त्याच्याशी हुज्जत घालायची नाही, त्याचा टेप बघायचा. स्वतः केलंय ना? मग उघडं करून दाखवायला भीती कसली? आणि तुम्ही दोघं या इकडे. काम सुरू करायच्या आधीच या, पुढचा लाँग वीकेंड धरा, मी निखिलच्या हातात चिमटा देते आणि स्टुलावर बसते. गाडी गल्लीत लावा, बेल वाजवा. जरा वेळ लागेल मला यायला, गुडघे आहेत. थांबा तिथेच. दार मीच उघडणार आहे.